घोडी चातुर्मास पाळत नाही

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहून गेले होते की घोडेवाल्यांनी ॲफिलिएट मार्केटिंगकडे जरा बघायला हरकत नाही. बस, त्यावर एवढे मेसेज आणि दोन चक्क पोस्टकार्डं आली की ह्यावेळी बचतगट आणि एफडीच्या प्रश्नांना सुट्टी. (बचतगटवाल्या ताई, रागावू नका, तुमचं पत्र वर काढून ठेवलंय.) ज्यांना शब्दच नवा आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं: तुम्ही एखादी वस्तू सुचवता, त्या वस्तूची तुमच्या नावाची वेगळी लिंक किंवा कोड असतो, आणि त्यावरून कोणी खरेदी केली की विकणारा तुम्हाला कमिशन देतो. घेणाऱ्याला साधारण भाव तोच पडतो.

प्रश्न: ताई नमस्कार. आमच्याकडे तीन घोड्या आणि एक बग्गी आहे. आजोबांचा राजवाड्यापाशी तांगा होता, बाबांनी वरातीचं काम सुरू केलं, आता मी बघतो. देवशयनी ते देवउठनी एकादशी चार महिने लग्नं नाहीत म्हणजे एक रुपया येत नाही, पण घोडी काही चातुर्मास पाळत नाही, तिला चंदी रोज लागते. मित्र म्हणतो ॲमेझॉनच्या लिंका टाक, घरबसल्या पैसे. मी विचार करून राहिलोय की बग्गीच्या मागे क्यूआर कोडच लावून टाकू, वरातीत चारशे लोक असतात, सगळे बघतील. चालेल का? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर: भिया, आयडिया ऐकून मला हसू आलं पण वाईट हसू नाही, वरातीत नाचताना सगळ्यांच्या हातात मोबाइल असतोच, तो बग्गीकडे वळवायचा हे डोकं चांगलं आहे. फक्त त्यात दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे ॲमेझॉनच्या नियमात त्यांची ॲफिलिएट लिंक छापील कागदावर टाकता येत नाही, रजिस्टर करताना जी वेबसाइट किंवा जे पेज किंवा चॅनल तुम्ही दाखवलं असेल तिथंच ती चालते, त्यामुळे बग्गीवर लिंकचा कोड डकवलात तर खातं बंद होऊ शकतं. कोड लावायचाच असेल तर तो तुमच्या स्वतःच्या पेजचा लावा, लिंका पेजवर ठेवा. दुसरी अडचण मोठी आहे. वरातीत जो नाचतोय त्याची खरेदी झालेली असते. शेरवानी अंगावर, मोजडी पायात, साफा डोक्यावर, आणि तुम्ही त्याला आता शेरवानी दाखवणार, म्हणजे हे अक्षरशः वरातीमागून घोडं झालं, तेही घोडेवाल्याकडूनच.

आता मला सांगा, तुमचे बाबा बँडवाल्याला गिऱ्हाइक पाठवायचे का नाही? आणि बँडवाला तुम्हाला? मंगल कार्यालयाच्या मॅनेजरला दिवाळीला मिठाईच्या डब्याखाली पाकीट जायचं का नाही? मग हे तुम्ही तीस वर्षं करताय. ॲफिलिएट म्हणजे तीच ओळखीची दलाली, फक्त कोणी कोणाला पाठवलं ह्याचा हिशोब तोंडी न राहता कॉम्प्युटर ठेवतो. एवढं डोक्यात बसलं की ॲमेझॉन हा त्यातला एक छोटा कोपरा आहे हे दिसतं, आणि तुमच्यासाठी तर फार छोटा, कारण तिथं कमिशन कॅटेगरीप्रमाणे, बहुतेक वेळा एक आकडी टक्का, आणि लिंकवर क्लिक केल्यापासून २४ तासांत माणसानं खरेदी करायला किंवा निदान वस्तू कार्टमध्ये टाकायला हवी. लग्नाच्या घरात २४ तासांत निर्णय? आत्या, मावशी, मामी सगळ्यांना फोटो गेल्याशिवाय एक साफा पक्का होत नाही. शिवाय १८० दिवसांत तीन विक्र्या झाल्या नाहीत तर खातं बंद, आणि त्या तीन स्वतःच्या किंवा घरच्यांच्या नावानं करून टाकू म्हणाल तर ते धरत नाहीत. मित्रालाही सांगून ठेवा.

म्हणून माझा सल्ला असा की आधी शहरातल्याच लोकांशी बोला. शेरवानी भाड्यानं देणारा, साफा बांधणारा, मेंदीवाली, फोटोग्राफर, लाइटवाला. त्यांना म्हणा मला एक कोड द्या, माझ्या कोडनं बुकिंग आलं तर ठरलेले पैसे. समजा शेरवानीवाला एका बुकिंगला ४०० देतो आणि फोटोग्राफर १,५००, तर ॲमेझॉनवर दोन हजारांची मोजडी विकून मिळणारे शंभर-सव्वाशे कुठे आणि हे कुठे. पण ठरलेलं लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना, कारण लग्न झाल्यावर 'तो तर आमचा आधीचाच गिऱ्हाइक होता' हे वाक्य ऐकायला मिळतंच मिळतं.

आणि ज्यासाठी तुम्ही पत्र लिहिलंत तो चातुर्मास. तुमचं बुकिंग कधी होतं ते वहीत बघा. देवउठनीनंतरच्या लग्नांची घोडी लोक श्रावण-भाद्रपदात सांगून ठेवतात, चांगली पांढरी घोडी पाहिजे असेल तर त्याच्याही आधी. म्हणजे घोडी तबेल्यात उभी असते नेमकी तेव्हाच त्या घरात खरेदी चालू असते. ज्या दिवशी ते तुम्हाला ॲडव्हान्स देतात त्या दिवशी पावतीसोबत तुमच्या पेजचा पत्ता द्या, पेजवर सगळे कोड, आणि वर स्पष्ट लिहा की इथून घेतलंत तर आम्हाला कमिशन मिळतं. घोडीचे पैसे कार्तिकात येतील, कमिशनचे भाद्रपदात. तीन घोड्यांची चंदी त्यातून निघेल असं मी म्हणणार नाही, नालबंदाचे पैसे निघाले तरी पहिल्या वर्षी खूप झालं, तो दर सहा-आठ आठवड्यांनी दारात उभा असतोच.

अजून एक, पेजवर घोड्याच्या साजाच्या लिंका टाकाल तर काटेरी लगाम टाकू नका आणि स्वतःही वापरत असाल तर काढा. १९६५ च्या ओझं वाहणाऱ्या जनावरांच्या नियमांप्रमाणे तो बंद आहे, आणि नियम राहू द्या बाजूला, घोडीच्या तोंडातून रक्त येतंय असा एक व्हिडिओ फिरला की कोड आणि बुकिंग दोन्ही गेलं.

प्रश्न: मॅडम, राऊच्या पुढे आमचा छोटा रायडिंग क्लास आहे, सहा घोडे, बावीस मुलं. पालक सारखे विचारतात हेल्मेट कुठलं घेऊ, बूट कुठले, मी फुकट सांगत बसते. नवरा म्हणतो लिंक दे आणि पैसे कमव. पण मला कसंसंच होतं, पालक म्हणतील फी पण घेते आणि वरून कमिशन पण खाते. काय करू? (नाव छापू नये)

उत्तर: नाव नाही छापलं. कसंसं होतंय हे चांगलं लक्षण आहे, ते जपून ठेवा, पण त्यापायी पैसे सोडू नका. पालकांना राग कमिशनचा येत नाही, लपवल्याचा येतो. ग्रुपवर एकदाच सरळ लिहा की ह्या पेजवर मी सुचवलेल्या वस्तू आहेत, इथून घेतल्यात तर क्लासला थोडे पैसे मिळतात, दुसरीकडून घेतल्यात तरी मला चालेल फक्त वस्तू हीच किंवा ह्या दर्जाची घ्या. बघा, निम्मे पालक मुद्दाम तुमच्या लिंकवरून घेतील.

माझी फजिती सांगते म्हणजे तुमची होणार नाही. माझा स्वतःचा क्लास होता तेव्हाची गोष्ट आहे. एका ऑनलाइन दुकानाचे रिकिबीचे (स्वाराच्या पाय ठेवायच्या कडीचे) पट्टे होते, फोटोत एकदम सुंदर, कमिशन चांगलं, मी स्वतःच्या घोड्यावर एकदाही न लावता लिंक टाकून दिली. तिसऱ्या आठवड्यात दुडकी चालीवर एका मुलीच्या पट्ट्याची शिलाई उसवली, ती पडली, मनगटाला प्लास्टर. तिची आई काही बोलली नाही. नुसता मोबाइल माझ्यासमोर धरला, त्यावर माझीच लिंक उघडलेली होती. त्या महिन्याचं त्या पट्ट्यांवरचं कमिशन होतं ४१२ रुपये. तेव्हापासून जे माझ्या घोड्यावर एक पावसाळा टिकलं नाही ते मी कोणाला सुचवत नाही, त्यामुळे माझं पेज कायम रिकामं-रिकामं दिसतं आणि एका पुण्याच्या ओळखीच्यांनी मला वेड्यात पण काढलं. दुसरे लोक एका पेजवर दीडशे लिंका कोंबतात, ती निव्वळ खोगीरभरती.

तुमच्याकडे विकण्यासारखं खरं काय आहे तर हेल्मेट. त्यावर एक नीट व्हिडिओ करा, इंदूरच्या घरच्या हिंदीत करा नाहीतर मराठीत, पण करा, कारण पालक सायकलचं नाहीतर स्कूटरचं हेल्मेट घालून पोराला पाठवतात आणि ते घोड्यासाठी बनलेलंच नसतं. घोडेस्वारीच्या हेल्मेटवर आतल्या बाजूला एएसटीएम एफ ११६३, पीएएस ०१५ किंवा व्हीजी १ अशा मानकांचं लेबल असतं ते दाखवा. पट्टा न लावता मुलाला डोकं हलवायला सांगा, हेल्मेट डोक्यासोबत हललं पाहिजे, डोक्यावर सरकता कामा नये. आणि एकदा जोरात पडलं की वरून चरा दिसो न दिसो, ते बदलायचं, आतलं फोम एकदाच दबतं. ही शेवटची गोष्ट सांगताना पालकांना वाटेल मॅडमला अजून एक विकायचंय, म्हणून त्या वाक्याला लिंक लावूच नका. बुटांचं पण तसंच, सपाट तळाचे स्पोर्ट्स शूज रिकिबीतून आरपार जातात आणि मूल पडलं तर पाय अडकून फरफटत जातं, इंचभर टाच पाहिजे, हे दाखवलं की महाग बूट विकायची गरज पडत नाही, साधे टाचेचे चालतात.

खोगीर, लगाम, तंग (खोगीर पोटाखालून बांधायचा पट्टा) ह्यांच्यासाठी मात्र मोठ्या साइटवर जाऊ नका, सरळ कानपूरला फोन लावा. कानपूरच्या खोगीरकामाला जीआय टॅग (ही त्याच गावची खासियत अशी सरकारी नोंद) आहे, तिथला माल परदेशात जातो, आणि तिथले छोटे कारखानदार कोड-बिड नसला तरी 'तुमच्या नावानं ऑर्डर आली तर इतके' ह्यावर तयार होतात. मी एकाशी १२ टक्क्यांवर ठरवलं होतं. नमुना आधी मागवा, पैसे देऊन मागवा, फुकट मागवला की वाईट बोलायची सोय राहत नाही.

आणि गिऱ्हाइक वाढेल का हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण सांगते. आपल्या इंदूरच्या सुदीप्ती हजेलानं २६ सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई खेळांत ड्रेसाजच्या (घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घ्यायचा प्रकार) टीममध्ये सुवर्ण मिळवलं, १९८२ नंतर ४१ वर्षांनी घोडेस्वारीत भारताला सोनं, तेव्हा मला क्लास बंद करून काही वर्षं झालेली असूनही जुन्या नंबरवर फोन आले की मुलीला शिकवायचंय. ते फोन आता तुमच्याकडे येत असणार. नवीन मूल येतं तेव्हा पहिल्या महिन्यातच सगळी खरेदी होते, पेज त्याआधी तयार ठेवा.

प्रश्न: एका कंपनीचं ॲफिलिएट आहे, ४,९९९ भरून जॉइन करायचं, मग दोन जणांना जोडायचं, ते अजून दोन जोडतील. घोड्यांच्या औषधांचं आहे म्हणतात. घोडेवाल्यांच्या ग्रुपवर सगळे भरतायत. भरू का? (महू)

उत्तर: नका. ॲफिलिएटला पैसे तुम्ही भरायचे नसतात, ते तुम्हाला द्यायचे असतात. माल विकून नाही तर माणूस जोडून पैसे मिळतात ही पिरॅमिड स्कीम, २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांत तिला बंदी आहे. भरले असतील तर पावती आणि चॅट जपून ठेवा आणि १९३० ह्या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा, आणि ज्यांना तुम्ही जोडलंय त्यांना आधी सांगा.

प्रश्न: ताई, बाबांकडे चार मारवाडी घोडे आहेत आणि त्यांचं इन्स्टा पेज मी चालवते, चाळीस हजार फॉलोअर झालेत. एका पावडरवाल्यांनी मेसेज केला की डबे फुकट पाठवतो, कोड देतो, तुम्ही लिहायचं 'दहा दिवसांत अंगावर चमक'. जाहिरात असं लिहू नका म्हणाले, रीच पडते, म्हणजे पोस्ट कमी लोकांना दिसते. बाबा म्हणतात फुकट आहे तर खाऊ घाल. आणि ह्यावर टॅक्स लागतो का? (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर: बाबांना आधी थांबवा. घोड्याला उलटी करता येत नाही, जे गेलं ते पुढेच जाणार, म्हणून खाण्यात अचानक बदल केला की पोटदुखी आणि ती जिवावर बेतू शकते. कुठलंही नवीन खाणं द्यायचंच असेल तर सात ते दहा दिवसांत थोडं थोडं वाढवत, आणि डब्यावर काय काय आहे ते आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवून. मग सांगा, दहा दिवस नुसतं हळूहळू वाढवण्यातच गेले तर दहा दिवसांत चमक येणार कुठून? चमक येते रोजच्या खराऱ्यानं, पोटातले जंत गेल्यानं आणि चाऱ्यानं. बाबांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्यांनाच कॅमेऱ्यासमोर बसवा आणि खरारा कसा करायचा ते दाखवायला सांगा, आणि त्या ब्रशची लिंक लावा. खरंच, चांगला खरारा करणारा हात बघायला लोक थांबतात, पावडर बघायला नाही.

जाहिरात लिहू नका म्हणाले तिथंच त्यांना नाही म्हणायचं होतं. आस्कीची (जाहिरातींवर लक्ष ठेवणारी जाहिरातवाल्यांचीच संस्था) इन्फ्लुएन्सरसाठीची नियमावली जून २०२१ पासून आहे, फुकट वस्तू, कमिशन, काहीही मिळत असेल तर तसं स्पष्ट दिसेल असं लिहावं लागतं, शेवटी वीस हॅशटॅगच्या गर्दीत लपवून चालत नाही. आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणारी जाहिरात केली तर पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, तो फक्त कंपनीला नाही, सांगणाऱ्यालाही. चाळीस हजार लोकांसमोर तुम्ही सांगणाऱ्या आहात. रीचचं म्हणाल तर पडली तर पडू दे, तुमच्या पेजवर घोडे बघायला येणारा माणूस जाहिरात शब्द बघून पळत नाही.

औषधांचं वेगळं लिहिते कारण पुढचा मेसेज त्याचाच येईल. दुखणं थांबवायची औषधं, जंताची पेस्ट, इंजेक्शनं, ह्यांची लिंक टाकायची नाही आणि डोस तर कमेंटमध्ये सुद्धा सांगायचा नाही. डोस वजनावर असतो आणि समोरच्याच्या घोड्याचं वजन तुम्हाला माहीत नाही.

टॅक्स लागतो. कमिशन हे उत्पन्नच आहे, बँकेत येवो नाहीतर गिफ्ट कार्डानं. वर्षात एकाच कंपनीकडून २०,००० च्या वर कमिशन गेलं तर ते २ टक्के टीडीएस कापतात (ऑक्टोबर २०२४ च्या आधी ५ टक्के होता, जुन्या स्टेटमेंटमध्ये तसा दिसेल, घाबरू नका), पॅन दिला नसेल तर २० टक्के, म्हणून पॅन आधी द्या. आणि जे लोकांना माहीत नसतं ते म्हणजे फुकटच्या वस्तूंचं: कंपनीनं पंचवीस हजारांचं खोगीर रिव्ह्यूसाठी पाठवलं आणि तुम्ही ते ठेवून घेतलं तर तेही उत्पन्न, वर्षात २०,००० च्या वर गेलं की त्यावर १० टक्के टीडीएसचा नियम आहे. रिव्ह्यू करून परत पाठवलं तर नाही. जीएसटीचं रजिस्ट्रेशन सेवांसाठी २० लाखांच्या उलाढालीनंतर, पण त्यात पेजचे आणि बाबांच्या घोड्यांचे पैसे एकाच पॅनवर येत असतील तर ते एकत्र धरले जातात, म्हणून पेजचं खातं तुमच्या नावानं, तुमच्या पॅनवर उघडा. वही वेगळी ठेवा. मी आजही कागदाची ठेवते.

प्रश्न: माझं वय ६८, घोडे नाहीत आता, पण चाळीस वर्षं सांभाळले. नातू म्हणतो आजोबा तुम्ही बोला मी रेकॉर्ड करतो. हिंदीत बोलू की मराठीत? आणि पैसे मिळतील का? (लोकमान्यनगर)

उत्तर: काका, नमस्कार. वरात आणि क्लासवाल्या गिऱ्हाइकांसाठी हिंदी, माळव्यात त्याला इलाज नाही. पण घोडा पाळणाऱ्यांसाठी मराठीतच बोला. सेंधवा उतरलं की शिरपूर, शहादा, नंदुरबार, सगळा घोड्यांचा मुलूख आहे आणि तिथला माणूस मराठीत ऐकतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते तिथं नातवाला घेऊन जा, घोड्याचे दात बघून वय कसं ओळखायचं, खूर उचलून कसा बघायचा, चालवून लंगडा आहे का ते कसं कळतं, हे तिथंच उभं राहून दाखवा, असे पंधरा व्हिडिओ एका यात्रेत होतील. तिथं कोणी म्हणालं की घोडा विकून द्या, दोन टक्के देतो, तर ती दलाली झाली, तिची लिंक नसते आणि घोडा नंतर आजारी निघाला तर लोक तुमच्या दारात येतात, त्यात पडू नका.

पैसे लगेच नाही मिळणार. पहिलं वर्ष नातवाच्या डेटा पॅकचे निघाले तर मला कळवा, मी पोहे-जिलेबी घेऊन येते लोकमान्यनगरला.